व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दिसतो, पण कोडीवर व्हिडिओ चालत नाही: नेमकं कुठे तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर लिब्रेइलेक ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आहे आणि त्यावर कोडी हे व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर चालतं. व्हीपीएनसाठी (नेटची वाहतूक कूटबद्ध करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी जोडणी) आधी ओपनव्हीपीएन होतं, आता वायरगार्ड लावलं आहे. कनेक्शन जोडलेलं दिसतं, पण व्हिडिओ लावला की नुसतं चक्र फिरत राहतं. कधी व्हिडिओ सुरू होतो आणि दहा-वीस मिनिटांनी अडकतो. बॉक्स बंद करून चालू केला की कधीकधी व्हीपीएन लागतच नाही. सर्व्हर बदलून झाला, सगळं पुन्हा टाकून झालं, फरक पडला नाही.

इथे तक्रारी तीन आहेत आणि तिन्हींची कारणं बहुधा वेगळी निघतील. म्हणून त्या एकत्र सोडवायला जाऊ नका. दुसरं, ‘कनेक्टेड’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. फोन लागतो तसं ‘लागणं’ वायरगार्डमध्ये नसतंच. नेटवर्क इंटरफेस तयार झाला आणि त्याला पत्ता मिळाला की लिब्रेइलेकमधला कॉनमन (नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम) त्याला जोडलेलं म्हणतो. पलीकडच्या सर्व्हरकडून एक बाइटही आलेला नसला तरी शब्द तोच दिसतो.

तपासायचा क्रम असा ठेवा: व्हीपीएन बंद असताना नेट नीट आहे का, बॉक्सचं घड्याळ बरोबर आहे का, हँडशेक (बॉक्स आणि सर्व्हरने एकमेकांची ओळख पटवणं) होतो का, राउट (डेटा जायची वाट) योग्य दिशेला आहे का, नावांचे पत्ते मिळतात का, मोठी पॅकेट (डेटाचे तुकडे) पार होतात का, आणि सगळ्यात शेवटी वेग. पहिली तुटलेली कडी सापडली की तिथेच थांबून ती दुरुस्त करा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशामुळे चालू झालं तेच कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

यासाठी एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून बॉक्सला कमांड द्यायची सोय) लागेल. लिब्रेइलेकच्या सेटिंग्जमध्ये सर्व्हिसेसखाली ते चालू करा, पासवर्ड लगेच बदला आणि लॅपटॉपवरून ‘रूट’ या नावाने आत जा. खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या लिपीत टाइप करायच्या.

व्हीपीएन बंद करून सुरुवात

आधी व्हीपीएन पूर्ण बंद करा आणि राउटरला ‘पिंग’ करा (छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहणं). राउटरचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. शंभर पिंग जाऊ द्या. केबलवर हा वेळ एक मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी राहतो. वायफायवर थोडा जास्त असला तरी हरकत नाही, पण मध्येच दोनशे-तीनशेवर उडी जात असेल किंवा पॅकेट गळत असतील, तर दोष व्हीपीएनचा नाही, वायफायचा आहे. पाय ४ ला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल आणि वायफाय २.४ गीगाहर्ट्झवर असेल, तर याची शक्यता आणखी वाढते, कारण यूएसबी ३ चा विद्युत गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पसरतो. निदान तपासणीपुरती तरी केबल लावा.

मग १.१.१.१ ला पिंग करा आणि त्यानंतर एखाद्या वेबसाइटच्या नावाला. पत्त्याला पिंग जातो पण नावाला जात नाही, तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बिघडलंय. व्हीपीएन बंद असूनही काहीच जात नसेल, तर आधीच्या व्हीपीएनने लावलेला ‘किल स्विच’ मागे राहिला असण्याची शक्यता धरा. फायरवॉलचा नियम ‘टनेलबाहेर काही जाऊ देऊ नको’ म्हणतोय आणि टनेल (व्हीपीएनची बंदिस्त वाट) मात्र अस्तित्वात नाही, अशी ती अवस्था असते. व्हीपीएनचं जुनं ॲडऑन नुसतं डिसेबल केल्याने नियम निघतीलच असं नाही. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन किल स्विच आधी बंद करा, मग ॲडऑन काढा आणि बॉक्स रीस्टार्ट करा.

स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह चमकताना दिसलं, तर पुढचं काहीही करण्याआधी पॉवर ॲडॉप्टर बदला. पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा पुरवठा हवा. फोनचे चार्जर आणि लांब बारीक केबल इथे कमी पडतात. व्होल्टेज घसरलं की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि एन्क्रिप्शनचं सगळं काम तर त्याच प्रोसेसरवर असतं.

घड्याळ: ‘रीस्टार्ट केल्यावर लागत नाही’ याचं नेहमीचं कारण

पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. वीज गेली की बॉक्सला वेळ आठवत नाही. चालू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तो जुन्या तारखेतच असतो. नेमक्या त्या काही सेकंदांत व्हीपीएन सुरू झाला तर दोन गोष्टी होतात.

ओपनव्हीपीएनमध्ये सर्टिफिकेटची तारीख तपासली जाते. बॉक्सच्या दृष्टीने ते सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नसतं. लॉगमध्ये ‘सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड’ अशी स्पष्ट ओळ येते, त्यामुळे हे पकडणं सोपं आहे.

वायरगार्डमध्ये ते पकडणं अवघड जातं. हँडशेकच्या पहिल्याच पॅकेटमध्ये वेळेचा शिक्का असतो. त्या कीकडून (बॉक्सची ओळख पटवणारी किल्ली) आतापर्यंत आलेला सर्वांत नवा शिक्का सर्व्हर लक्षात ठेवतो आणि त्याहून जुन्या शिक्क्याचं पॅकेट काही न बोलता टाकून देतो. जुनं पॅकेट पकडून कोणी पुन्हा पाठवू नये म्हणून ही सोय आहे. घड्याळ मागे पडलेला प्रामाणिक बॉक्ससुद्धा त्यात अडकतो. उलट प्रकारही घडतो: एकदा चुकून घड्याळ पुढच्या वर्षात गेलं, त्या वेळी हँडशेक झाला आणि मग वेळ दुरुस्त केली, तर सर्व्हर आता पुढच्या वर्षापर्यंत त्या कीला उत्तर देणार नाही. अशा वेळी सर्व्हरवर तो पिअर (तिथली बॉक्सची नोंद) काढून पुन्हा जोडावा लागतो किंवा नवीन की बनवावी लागते.

तपासणी सोपी आहे. बॉक्स चालू होताच ‘डेट’ कमांड द्या आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहा. वेळ मिळण्याआधी व्हीपीएन सुरू होत असेल, तर सुरू होण्याचा क्रम बदलायला हवा. लिब्रेइलेकमध्ये स्टोरेजखालच्या डॉट-कॉन्फिग फोल्डरमध्ये सिस्टम-डॉट-डी नावाचा फोल्डर आहे, त्यात वायरगार्डच्या सर्व्हिसची नमुना फाइल मिळते. नेटवर्क तयार होईपर्यंत आणि वेळ जुळेपर्यंत थांबायची तरतूद त्या नमुन्यातच आहे. तिची प्रत करून ‘सॅम्पल’ हे शेपूट काढा. ‘कॉनमनसीटीएल सर्व्हिसेस’ ही कमांड दिल्यावर व्हीपीएनचं जे नाव दिसतं (व्हीपीएन, त्यापुढे सर्व्हरचा पत्ता, टिंबांच्या जागी अंडरस्कोअर) ते फाइलमध्ये भरा आणि ‘सिस्टमसीटीएल इनेबल’ने ती सर्व्हिस कायमची चालू करा. अनेक ठिकाणी ऑटोस्टार्ट स्क्रिप्टमध्ये ‘स्लीप ३०’ टाकून व्हीपीएन सुरू करण्याचा सल्ला मिळतो. तो घेऊ नका. राउटर आणि बॉक्स एकाच वेळी चालू झाले, तर राउटरला लाइन पकडायला तीस सेकंदांहून जास्त लागू शकतात. शिवाय ती स्क्रिप्ट कोडीच्या आधी चालत असल्याने कोडीही तेवढा वेळ थांबून राहतं. लिब्रेइलेकच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘कोडी सुरू करण्याआधी नेटवर्कची वाट पाहा’ या अर्थाचा पर्याय आहे, तो मात्र जरूर चालू करा.

इथे एक सापळा आहे. किल स्विच इतका कडक लावला की टनेलबाहेर यूडीपी १२३ (वेळ विचारणारी पॅकेट) सुद्धा जात नाही, तर वेळ मिळाल्याशिवाय व्हीपीएन नाही आणि व्हीपीएनशिवाय वेळ नाही, अशी गाठ बसते. वेळेच्या सर्व्हरला किल स्विचमधून वगळा. सर्व्हरच्या नावाचंही असंच होतं. फाइलमध्ये सर्व्हरचं नाव लिहिलंय आणि डीएनएस मात्र टनेलच्या आत आहे, तर नावाचा पत्ता विचारणार कोणाला? सर्व्हरचा आयपी पत्ता थेट लिहिलेला बरा.

हँडशेक: १४८ हा आकडा ओळखा

आता व्हीपीएन चालू करा आणि ‘डब्ल्यूजी शो’ ही कमांड द्या. त्यातल्या दोन ओळी पाहायच्या: शेवटचा हँडशेक कधी झाला, आणि किती बाइट आले व किती गेले.

वायरगार्डचं हँडशेकचं पहिलं पॅकेट १४८ बाइटांचं असतं आणि सर्व्हरचं उत्तर ९२ बाइटांचं. उत्तर आलं नाही तर साधारण दर पाच सेकंदांनी पुन्हा प्रयत्न होतो. त्यामुळे कमांड पुन्हापुन्हा दिल्यावर ‘गेले’ या आकड्यात १४८, २९६, ४४४, ५९२ असा जिना दिसला आणि ‘आले’ शून्यावरच राहिलं, तर अर्थ एकच: बॉक्स दार वाजवतोय आणि आतून कोणी बोलत नाही. या स्थितीत डीएनएस, एमटीयू (पॅकेटच्या आकाराची मर्यादा), कोडीची सेटिंग्ज यांपैकी कशालाही हात लावण्यात अर्थ नाही.

उत्तर न येण्याची कारणं मोजकी आहेत. पत्ता किंवा पोर्ट चुकलाय (बऱ्याच फाइलींत ५१८२० असतो, पण सगळीकडे तोच नसतो). तुमच्या नेटवर्कवर यूडीपी (वायरगार्ड वापरतं तो पॅकेटचा प्रकार) अडवलं जातंय. घड्याळ चुकलंय. किंवा की जुळत नाही. वायरगार्ड चुकीच्या कीला नकारही कळवत नाही. अनोळखी माणसाला सर्व्हर आहे हेच कळू नये अशी त्याची रचना आहे. म्हणून ‘की चुकली’ असा संदेश कुठेही दिसणार नाही. की म्हणजे ४४ अक्षरांची ओळ असते आणि तिच्या शेवटी बरोबरचं चिन्ह असतं. कॉपी करताना नेमकं तेच शेवटचं चिन्ह सुटतं. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे पब्लिक कीच्या जागी स्वतःची पब्लिक की टाकणं. तिथे सर्व्हरची हवी.

यूडीपी अडवलं जातंय का हे ओळखायला फोनचा हॉटस्पॉट वापरा. बॉक्स हॉटस्पॉटला जोडल्याबरोबर ९२ बाइट आले, तर फाइल बरोबर आहे आणि दोष घरच्या राउटरचा किंवा लाइनचा आहे. तिथेही शून्यच राहिलं, तर फाइल पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासा.

फाइलीबद्दल आणखी एक गोष्ट, कारण लिब्रेइलेकवर यातच लोक सर्वांत जास्त अडखळतात. व्हीपीएन कंपनीकडून मिळणारी फाइल ‘इंटरफेस’ आणि ‘पिअर’ असे दोन भाग असलेली असते. कॉनमनला ती रचना समजत नाही. त्याला स्टोरेजखालच्या डॉट-कॉन्फिगमधल्या वायरगार्ड फोल्डरात, ‘डॉट कॉन्फिग’ शेपटाची वेगळी फाइल लागते. तिच्यात एकच ‘प्रोव्हायडर’ भाग असतो आणि जवळपास प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वायरगार्ड हा शब्द व टिंब असतं. कंपनीच्या फाइलमध्ये पत्ता आणि पोर्ट एकाच ओळीत, मध्ये विसर्गचिन्ह (:) देऊन लिहिलेले असतात. इथे पत्ता ‘होस्ट’मध्ये आणि पोर्ट ‘एंडपॉइंट पोर्ट’मध्ये असे वेगळे लिहायचे. फाइल तशीच उचलून नाव बदललं, तर व्हीपीएन यादीतच येत नाही.

सर्व्हर तुमच्याच दुसऱ्या घरी असेल, तर तिथल्या राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं आहे. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली पॅकेट सर्व्हरकडे वळवणं) कितीही नीट केलं तरी बाहेरून काहीच आत येणार नाही. सेवा देणाऱ्याकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागा, आयपीव्ही६ वापरून पाहा, किंवा मध्ये एखादा भाड्याचा सर्व्हर ठेवा.

हँडशेक होतोय, पण वाट चुकतेय

हँडशेक ताजा असेल तर ‘आयपी राउट गेट १.१.१.१’ द्या. उत्तरात डब्ल्यूजी० (टनेल) दिसलं पाहिजे. तिथे ईथ० (केबल) किंवा डब्ल्यूलॅन० (वायफाय) दिसलं, तर टनेल उभा आहे पण व्हिडिओ त्यातून जातच नाहीये. फाइलमधल्या ‘अलाउड आयपीज’मध्ये ०.०.०.०/० (म्हणजे सगळे आयपीव्ही४ पत्ते) आहे का ते पाहा. मग हीच कमांड सर्व्हरच्या पत्त्यासाठी द्या. इथे उत्तर उलटं हवं: ईथ० किंवा डब्ल्यूलॅन०. सर्व्हरकडे जाणारी वाटही टनेलमधूनच दिसत असेल, तर टनेल स्वतःलाच गिळतोय.

घरच्या सर्व्हरवरून बाहेर कुठे पाहताना दोन्हीकडे १९२.१६८.१ चीच मालिका असण्याचा गोंधळ फार होतो. बॉक्सला १९२.१६८.१.५० हा नॅसचा (नेटवर्कवर फाइली साठवणारी पेटी) पत्ता आपल्याच खोलीतला वाटतो. तो पॅकेट टनेलमध्ये टाकतच नाही, खोलीतच शोधत बसतो. यावर तात्पुरत्या युक्त्या आहेत, पण एका घरची मालिका बदलणं हाच टिकाऊ उपाय. १९२.१६८.७७ सारखी सहसा कोणी न वापरणारी मालिका घ्या. तासाभराचं काम आहे, पण मग तो प्रश्न परत येत नाही.

बाहेरून तुम्ही कुठल्या पत्त्याने दिसता ते पाहायला ‘कर्ल आयकॅनहॅझआयपी डॉट कॉम’ द्या. एकदा चार आणि एकदा सहा या पर्यायाने देऊन दोन्ही उत्तरं पाहा. आयपीव्ही४ व्हीपीएनमधून आणि आयपीव्ही६ थेट घरच्या लाइनवरून, असं चित्र खूपदा दिसतं. मग काही गोष्टी टनेलमधून जातात, काही बाहेरून, आणि सगळं अर्धवट चालतं. व्हीपीएन आयपीव्ही६ देत असेल तर ‘अलाउड आयपीज’मध्ये तेही जोडा, देत नसेल तर बॉक्सच्या त्या कनेक्शनवर आयपीव्ही६ बंद करा.

डीएनएसबद्दल थोडक्यात: ओपनव्हीपीएनचा सर्व्हर डीएनएसचा पत्ता पाठवतो, पण लिनक्सवर तो आपोआप लागू होईलच असं नाही, बहुतेकदा त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट असावी लागते. वायरगार्डच्या फाइलमध्ये डीएनएसची ओळ स्वतः लिहा. नाहीतर बॉक्स राउटरलाच विचारत राहतो आणि तुम्ही कुठल्या साइट उघडता ते व्हीपीएन असूनही लाइनवाल्याला दिसत राहतं.

पोस्टर दिसतात, व्हिडिओ फिरत राहतो: हा एमटीयू

तुमच्या पहिल्या तक्रारीचं सर्वांत संभाव्य कारण हे आहे. लक्षणं ठळक असतात. पिंग जातो, नावं सापडतात, मेन्यू उघडतो, काही पोस्टर येतात आणि काही अर्धवट राहतात, पण व्हिडिओ सुरू होत नाही. छोटी पॅकेट पार होतात आणि मोठी मधेच हरवतात. एचटीटीपीएसच्या सुरुवातीला सर्व्हर आपलं सर्टिफिकेट पाठवतो, ते मोठं असतं; गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.

हिशोब असा आहे. साध्या इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा १५०० बाइट. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटला आयपीव्ही४ वर ६० आणि आयपीव्ही६ वर ८० बाइटांचं वेष्टन घालतं. म्हणून टनेलचा नेहमीचा आकडा १४२० असतो. पण लाइन पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन जोडली जाणारी) असेल तर मुळातच १४९२ मिळतात, मोबाइल डेटावर अनेकदा त्याहून कमी. ‘पॅकेट मोठं आहे, लहान कर’ असा निरोप मधल्या यंत्राने परत पाठवायला हवा. तो निरोप एखाद्या फायरवॉलने अडवला की पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही आणि तो तेच मोठं पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत बसतो.

मोजायचं कसं? त्याच नेटवर्कवरच्या विंडोज लॅपटॉपवर, व्हीपीएन बंद ठेवून, पिंगला एफ आणि एल हे पर्याय द्या. एफ म्हणजे तुकडे करू नको, एल म्हणजे आकार. १४७२ पासून सुरुवात करा. पिंगचं स्वतःचं वेष्टन २८ बाइटांचं असल्याने १४७२ पार झालं तर लाइन १५०० ची आहे. १४७२ अडलं आणि १४६४ पार झालं, तर १४९२ ची. जो सर्वांत मोठा आकडा पार होईल त्यात २८ मिळवा आणि त्यातून ८० वजा करा. पीपीपीओईवर १४९२ वजा ८०, म्हणजे १४१२.

मोजायचं नसेल तर थेट १२८० लावून पाहा. ‘आयपी लिंक सेट एमटीयू १२८० डेव्ह डब्ल्यूजी०’ दिलं की लगेच लागू होतं, रीस्टार्ट लागत नाही. व्हिडिओ ताबडतोब चालला तर रोग सापडला. मग हळूहळू वर जात १३८० किंवा १४०० वर स्थिर करा. शेवटच्या वीस बाइटांसाठी झगडू नका, वेगात जाणवण्याएवढा फरक पडत नाही. हा बदल रीस्टार्टला पुसला जातो, म्हणून तीच ओळ वायरगार्डच्या सर्व्हिस फाइलमध्ये ‘एक्झेक स्टार्ट पोस्ट’ म्हणून घाला. ओपनव्हीपीएन असेल तर फाइलमध्ये ‘एमएसएसफिक्स १३६०’ ही एक ओळ पुरते.

मध्येच अडकतो: नेमका कधी, ते लिहून ठेवा

दहा-वीस मिनिटांनी अडकण्याला एकच कारण नाही, पण वेळ नोंदवली तर कारण स्वतःहून पुढे येतं.

व्हिडिओ थांबवून उठलात, परत येऊन सुरू केला आणि तो अडकला, तर राउटरने दरम्यान ती यूडीपी वाट विसरून टाकली आहे. काही राउटर अर्ध्या मिनिटाच्या शांततेनंतरच विसरतात. ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ ठेवा. दर पंचवीस सेकंदांनी ३२ बाइटांचं छोटं पॅकेट जातं आणि वाट उघडी राहते.

घरातल्या कोणी फोनवर व्हीपीएन चालू केला की टीव्ही अडकतो? एकच फाइल दोन्हीकडे टाकलेली असणार. वायरगार्डचा सर्व्हर एका कीसाठी एकच पत्ता लक्षात ठेवतो, शेवटचं पॅकेट जिथून आलं तो. फोन बोलला की उत्तरं फोनकडे, टीव्ही बोलला की टीव्हीकडे. दोन्ही अधूनमधून चालतात आणि कोणतंच नीट चालत नाही. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र की हवी, यात तडजोड नाही.

बरोबर एका तासाने तुटत असेल आणि ओपनव्हीपीएन असेल, तर ३६०० सेकंदांनी होणारी की बदलण्याची प्रक्रिया पाहा. त्या वेळी पासवर्ड पुन्हा लागतो आणि तो साठवलेला नसेल तर कनेक्शन पडतं. चालता चालताच अडकलं आणि त्या वेळी ‘डब्ल्यूजी शो’मध्ये शेवटचा हँडशेक तीन मिनिटांहून जुना दिसला, तर टनेल मेला आहे, चालू टनेलमध्ये साधारण दर दोन मिनिटांनी नवा हँडशेक होतो. हँडशेक ताजा असूनही व्हिडिओ थांबला, तर टनेलला दोष देऊ नका. प्रोसेसरचं तापमान पाहा: ८० अंशांच्या पुढे पाय वेग कमी करतो, आणि टीव्हीच्या मागे बंद प्लॅस्टिकच्या डबीत तिथवर जायला वेळ लागत नाही.

वेग

आधी एककं तपासा. लाइनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये; मध्ये आठपटीचा फरक असतो. साध्या ब्ल्यू-रेचं चित्र ४० मेगाबिटपर्यंत जातं, ४के डिस्कची कॉपी १०० च्याही पुढे. घरच्या नॅसवरून बाहेर कुठे पाहत असाल, तर घरच्या लाइनचा अपलोड वेग हीच कमाल मर्यादा. अपलोड १० मेगाबिट असेल तर २५ मेगाबिटची फाइल अखंड चालणारच नाही, व्हीपीएन कोणताही असो.

पाय ४ च्या प्रोसेसरमध्ये एईएस एन्क्रिप्शनसाठी हार्डवेअरची मदत नाही, पाय ५ मध्ये आहे. त्यात ओपनव्हीपीएन सगळं काम एकाच कोअरवर करतं. व्हिडिओ चालू असताना ‘टॉप’ कमांडमध्ये पाहा. एक कोअर पूर्ण भरला की काही टॉप १०० टक्के दाखवतात, तर सर्व कोअरांमध्ये भागून दाखवणारे २५ टक्के. २५ पाहून ‘प्रोसेसर तर रिकामाच आहे’ असं समजू नका. वायरगार्डला जाणं हाच इथला सरळ उपाय आहे. ओपनव्हीपीएनच वापरायचं असेल तर यूडीपी ठेवा, कॉम्प्रेशन बंद करा, आणि सर्व्हरला चालत असेल तर चाचा२० हा सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) निवडा (आवृत्ती २.५ पासून आहे). टीसीपी ४४३ (हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणारा प्रकार, वेबसाइटच्या पोर्टवर) फक्त यूडीपी अडवलेलं असेल तेव्हाच वापरा. टीसीपीच्या आत टीसीपी गेलं की एक पॅकेट हरवल्यावर दोन्ही थर ते पुन्हा पाठवू लागतात आणि व्हिडिओ गचके खातो.

लांबच्या नॅसवर एसएमबी शेअर वापरत असाल तर तो बदलून एनएफएस किंवा वेबडाव्ह (फाइली शेअर करायच्या दुसऱ्या पद्धती) करून पाहा. एसएमबी फार विचारपूस करतो, आणि १०० मिलिसेकंद अंतरावर प्रत्येक विचारणेची किंमत मोजावी लागते. कोडी २१ मध्ये कॅशचा आकार सर्व्हिसेसखाली सेटिंग्जमध्येच मिळतो. तो वाढवल्याने अधूनमधूनचे गचके झाकले जातात, कमी पडणारा वेग वाढत नाही.

ओपनव्हीपीएनच्या लॉगमधल्या तीन ओळी

‘टीएलएस की निगोशिएशन फेल्ड’ आणि पुढे ६० सेकंद: सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाहीये, पत्ता, पोर्ट, यूडीपी-टीसीपी तपासा. ‘ऑथ फेल्ड’: पोचलं, पण नाव-पासवर्ड नाकारला. बऱ्याच कंपन्यांचा ओपनव्हीपीएनचा युजरनेम वेबसाइटच्या लॉगिनपेक्षा वेगळा असतो. पासवर्डच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीत नाव आणि दुसऱ्या ओळीत पासवर्ड हवा, मागे एकही मोकळी जागा नको. ‘इनिशियलायझेशन सीक्वेन्स कम्प्लीटेड’ ही ओळ आली की टनेल उभा राहिला. त्यानंतरही व्हिडिओ नसेल तर वर राउटपासून सुरुवात करा. हाताने चालवल्यावर चालतं पण सर्व्हिस म्हणून चालत नाही, तर फाइलमध्ये पासवर्ड आणि सर्टिफिकेटचे अर्धवट पत्ते आहेत. स्टोरेजपासूनचा पूर्ण पत्ता लिहा.

अँड्रॉइड टीव्हीवर हेच सगळं ॲपच्या आत घडतं, त्यामुळे दिसतं कमी. कमी रॅमच्या स्टिकवर मोठं ॲप उघडलं की मागे चालणारं व्हीपीएनचं ॲप बंद पडण्याचा प्रकार होतो; बॅटरी किंवा बॅकग्राउंडच्या सेटिंगमध्ये त्याला सूट द्या. फोनवरून कास्ट करायला टीव्ही दिसत नसेल तर ॲपमध्ये लोकल नेटवर्कला परवानगी देणारा पर्याय शोधा. एखाद्या स्ट्रीमिंग सेवेने ‘प्रॉक्सी वापरताय’ असं सांगून नकार दिला, तर तो बिघाड नाही. टनेल व्यवस्थित आहे, सेवेला तो पत्ता मान्य नाही, आणि वरच्यापैकी कोणताच उपाय तिथे लागू पडत नाही.

एवढं करूनही अडलं तर मदत मागताना पुढच्या गोष्टी द्या: लिब्रेइलेकची आवृत्ती, ‘डब्ल्यूजी शो’चं उत्तर एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, दोन्ही ‘आयपी राउट गेट’ची उत्तरं, आणि बॉक्स चालू केल्यापासूनचा जर्नलसीटीएलचा लॉग. फाइल टाकण्याआधी प्रायव्हेट की, प्रीशेअर्ड की आणि पासवर्ड पुसा. प्रायव्हेट की एकदा चुकून बाहेर गेली, तर ती पोस्ट काढून टाकणं पुरेसं नाही. की रद्द करून नवीन बनवा आणि बॉक्सवरची फाइल बदला.